तुझ्या अक्षरांना फुटलेला रंग

खुशाल, आधी एक गोष्ट विचारते, बाकीचं मग. पडद्याच्या एका ठिपक्यात तीन पट्ट्या असतात, त्यांचा क्रम तू मला काय सांगितला होतास? डावीकडून लाल, मग हिरवी, मग निळी. असाच ना? मी तो पाठ केला होता. तूच करायला लावला होतास, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या पुढ्यात, मी काही दुसरीतली पोरगी असल्यासारखं. मग सोमवारी मला तो उलटा कसा दिसला?

विचारू कोणाला? हे विचारण्यासारखं माणूस आपल्या घरात एकच होतं आणि तेच उठून गेलं. तुझ्या दादाला विचारलं तर तो माझ्याकडे असा पाहतो, की हिच्या डोक्यावर परिणाम झाला. असेलही झाला. परवा भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि काल एकदाही नाही. तुझं ताट वाढायला घेते आणि मग ताट हातात धरून उभी राहते. मला तुला रागवायची सवय. ‘मेल्या’ हा शब्द तर माझ्या जिभेवरच बसलेला असायचा, चहा थंड केलास तरी मेल्या, चप्पल दारात काढलीस तरी मेल्या. आता तो तोंडाशी येतो आणि तिथंच अडकतो. दुसरा शब्द सापडत नाही.

नीट सांगते. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. दादा म्हणाला, अजून चार दिवस राहू दे. मी म्हटलं, घरात बसून कोणाचं तोंड पाहू? चिचगडच्या बाजारचौकातली ऑनलाइन दाखले काढून द्यायची ती एवढीशी खोली, तीन आठवड्यांत धूळ अशी बसली होती की काउंटरवर बोटानं फॉर्म भरता आला असता. आधी गिऱ्हाइकांचा मॉनिटर पुसायला घेतला. तोच, काउंटरच्या वर छताच्या आडव्या बल्लीला टांगलेला. माझा मॉनिटर माझ्याकडे तोंड करून, आणि तो त्यांच्याकडे. ओल्या फडक्यानं पुसला, लाइट आली तशी चालू केला, आणि पांढऱ्या पडद्यावर मोहरीएवढा एक थेंब राहून गेलेला दिसला. मी स्टुलावर चढलेली होते. डोळ्यासमोरच होता तो. थेंबात पट्ट्या दिसत होत्या. निळी, हिरवी, लाल.

हा थेंबाचा खेळ तुझाच. एका दुपारी तू लॅपटॉपवर ओलं बोट टेकवलंस आणि म्हणालास, “वयनी, पाह्य. थेंबातून पाह्य.” मी पाहिलं. पांढऱ्याच्या जागी बारीक बारीक उभ्या पट्ट्या, रंगीत काड्या ओळीनं मांडल्यासारख्या. तू म्हणालास, पडदा म्हणजे ठिपके, आणि एकेक ठिपका म्हणजे तीन पट्ट्या. तिन्ही पेटल्या की पांढरं, तिन्ही विझल्या की काळं. बाकीचे लोक अख्खा ठिपका विझवून अक्षर काढतात, म्हणून अक्षराची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. “मी एकेक पट्टी वेगळी विझवून राहिलो. म्हणजे कड एक ठिपका नाई, ठिपक्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं सरकवता येते. त्याच पडद्यावर तिप्पट बारीक काम.”

मी विचारलं, “मग अक्षराले रंग नाई का येनार?”

“येते. पन शेजारच्या पट्ट्या त्याले सांभाळून घेते. उरलाच तर मी तो आजूबाजूले थोडा थोडा वाटून देतो. डोळ्याले फक्त धार दिसते, रंग दिसत नाई.”

“आन शिरोरेषा?”

“ते आडवी आहे. पट्ट्या उभ्या. काना सुधारते, उभे दांडे सुधारते, शिरोरेषा आहे तशी राहते.”

“म्हणजे अर्धंच काम,” मी म्हटलं. तू फुगलास. चहा न पिता गेलास. मी काही मुद्दाम नव्हतं म्हटलं, मला खरंच तसं वाटलं होतं. पण तुझं तोंड पाहून मजा वाटली हेही खरं.

तर त्या थेंबात क्रम उलटा होता. मी म्हटलं, आपलंच पाठांतर बिघडलं. दुपारी घरी गेले आणि तुझ्या टेबलावरचा लॅपटॉप उघडला. कोणी हात लावला नव्हता. झाकणावर तुझ्या बोटांचे डाग होते, ते पुसले नाहीत. गडव्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेकवलं. लाल, हिरवी, निळी. दादा दारात उभा. “त्याच्या लॅपटॉपवर पानी कायले टाकून राहिली?”

“पाहून राहिली.”

“काय पाहून राहिली?”

“मलेच माहीत नाई,” मी म्हटलं. तो निघून गेला. तो हल्ली फार बोलत नाही. शेतात जातो, बांधावर बसतो, येतो.

दोन पडदे, दोन क्रम. मी दिवसभर तेच घेऊन बसले. माझं डोकं तुझ्यासारखं नाही चालत, खुशाल. मी टायपिंगवाली बाई. लग्न होऊन आले तेव्हा तू बारावीत होतास आणि माझ्या टाइपरायटरभोवती घुटमळायचास. मी तुला शिकवलं. पण शिकवायच्या आधी महिनाभर काय करायला लावलं, आठवतं? मशीनचे खिळे साफ. टाचणी आणि स्पिरिट घेऊन एकेक अक्षर. म च्या, भ च्या पोटात रिबनीचा मळ बसायचा आणि कागदावर अक्षर भरीव उमटायचं. तू कंटाळायचास. मी म्हणायची, मळकं अक्षर म्हणजे मळकं काम, ज्याचं नाव आहे त्याला ते स्वच्छ दिसलं पाहिजे. पुढे तू डिप्लोमा केलास, नागपूरच्या कंपनीत लागलास, मग घरूनच काम करायचं म्हणून गावात परत आलास, आणि एवढं सगळं करून पुन्हा अक्षरंच साफ करत बसलास. त्याला मीच कारण असं तू एकदा तुझ्या मित्राला फोनवर सांगत होतास. मी चूल पुसत होते, मला वाटलं टोमणा आहे. आता वाटतं टोमणा नसेल. असेलही. हेच तर कळत नाही मला, तुझं काय खरं होतं आणि काय चिडवणं.

दुकानातला माझा नियम तुला माहीत आहे. गिऱ्हाइकानं स्वतःचं नाव, गाव, गट नंबर पडद्यावर वाचल्याशिवाय मी बटन दाबत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानं सोबतच्याकडून वाचून घ्यावं, पण वाचावं. लोक वैतागतात. वैतागू देत. त्यासाठीच तर तो दुसरा मॉनिटर. कुंभरे आजोबा मात्र वैतागायचे नाहीत. जंगलाकडून सायकलवर यायचे, चौथी शिकलेले, वाचायची हौस अशी की फॉर्मवरच्या सूचनासुद्धा वाचायचे. टाचा उंचावून पडद्याकडे नाक न्यायचे आणि म्हणायचे, “बाई, इथं मुंगळे बसले वो.” जुना पडदा, बारीक अक्षरं, जोडाक्षर आलं की काळा गोळा. तू हसलास. मग हसायचा थांबलास. दुसऱ्या दिवसापासून कंपनीचं काम संपलं की तू अक्षरं साफ दाखवायचा तो प्रोग्राम, ‘सुवाच्य’, लिहायला बसायला लागलास. आजोबांसाठी. मी जाहीर कधी म्हटलं नाही, पण मला त्याचं फार कौतुक होतं. आता म्हणते. फार कौतुक होतं, खुशाल.

आणि तरी मी काय केलं ते आता सांगते. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

तू ‘सुवाच्य’ दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकलंस, फक्त गिऱ्हाइकांच्या पडद्यापुरतं. टांगलेल्या पडद्यावर पहिलं नाव आलं, कुंभरे आजोबांचंच. तू काउंटरच्या आतून उड्या मारत होतास, माझ्या बाजूनं तुला तो पडदा दिसतही नव्हता. मी गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन पाहिलं. अक्षराच्या डाव्या कडेला लाल, उजव्या कडेला निळं. कान्याला तर दोन्हीकडून रंग फुटलेला. धार नाही काही नाही, उलट आधीपेक्षा पुसट. मी म्हटलं, “खुशाल, हे मळकं आहे.”

तू बाहेर येऊन पाहिलंस, पण तुला त्या वर्षी जवळचा चष्मा लागला होता आणि तो नेमका घरी. डोळे बारीक करून म्हणालास, “कुठं काय, चांगलं तर आहे.” आणि मग आजोबांकडे वळून म्हणालास, “वयनीले आता सगळंच रंगीत दिसते. म्हातारपन आलं.” आजोबा हसले, बाकावरच्या दोन बाया हसल्या, मीसुद्धा हसले. पण मला ते लागलं. मी देवरीला जाऊन डोळे तपासून आले, चष्मा करून आणला, चष्मा लावून पाहिलं, तरी लाल आणि निळं. तेव्हा तू लॅपटॉप घेऊन आलास. काउंटरवर ठेवलास, तेच नाव काढलंस आणि म्हणालास, “इथं पाह्य. इथं दिसते का रंग?”

खुशाल, तिथं रंग नव्हता. अक्षरं काळी कुळकुळीत, एकेक सुटं. भ चं पोट मोकळं, वेलांट्यांचे दांडे सरळ, मी टाचणीनं साफ करून ठेवलेल्या खिळ्यासारखं एकेक. मी आयुष्यात पडद्यावर इतकं स्वच्छ नाव पाहिलं नव्हतं. आणि बाकावर त्याच दोन बाया बसल्या होत्या. आणि तू असा उभा होतास, हात कमरेवर, की बघा आता वयनी कशी कबूल होते.

मी म्हटलं, “इथंई तसंच.”

“खरंच?”

“मी खोटं कायले बोलू?”

तू लॅपटॉप बंद केलास. मला वाटलं, जिरली. दोन दिवसांनी सांगू, असं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. दोन दिवसांनी घरात लग्नाची गडबड, मग धानाची रोवणी, मग ते राहूनच गेलं. दर रविवारी तू यायचास, काहीतरी बदलायचास, विचारायचास, “आता?” मी टांगलेल्या पडद्याकडे पाहायची आणि खरं तेच सांगायची, “आहे अजून.” हे तर खरंच होतं ना? तिथं होताच रंग. मी स्वतःला असंच समजवायची, की तिथलं खरं सांगून राहिली, मग झालं. तू किती रविवार आलास मला आता आठवत नाही.

आणि एका रविवारी तू म्हणालास, “आता पाह्य.” रंग नव्हता. अक्षरं जरा मऊ, धुक्यातून आल्यासारखी, पण रंग नाही. मी म्हटलं, “आता कसं. आधीच ऐकलं असतं तर?” तू म्हणालास, “हो वयनी.” एवढंच. ना चिडवलंस, ना वाद घातलास. तुझ्यासारखा माणूस एका शब्दात हार मानतो तेव्हा माझ्या मनात काहीतरी खटकायला पाहिजे होतं. मला नुसतं जिंकल्यासारखं वाटलं. त्यानंतर तू दुकानात यायचास तो चहापुरता. ‘सुवाच्य’चं नाव तुझ्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

ऐकलं, एकदा. गोंदियाला, दवाखान्यात. तापाचा तिसरा दिवस, मी मोसंबी सोलत होते. तू डोळे न उघडता विचारलंस, “दुकान कोन पाहून राहिलं?”

“बंद आहे. तू उठ, मग उघडते.”

“आजोबाले अक्षरं बरी दिसते ना आता?”

तेव्हा सांगायचं होतं मी. तोंडाजवळ आलं होतं. पण वाटलं, तापात आहे, कशाला त्याला जुनं उकरून त्रास, बरा झाला की सांगू, चहा पिताना सांगू, म्हणजे रागवेल आणि रागवायला अंगात ताकदही असेल. मी म्हटलं, “दिसते.” तू मान हलवलीस. मी मोसंबीची फोड पुढे केली, ती तू घेतली नाहीस.

तर दोन पडदे आणि दोन क्रम. मंगळवारी मी पुन्हा स्टुलावर चढले आणि त्या टांगलेल्या मॉनिटरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पडद्यावर काय आहे ते नाही, मॉनिटर. त्याच्या वरच्या चौकटीच्या मधोमध हळद-कुंकवाचा जाड थर आहे, बोटभर. दरवर्षी दसऱ्याला मी दुकानातल्या यंत्रांची पूजा करते, की-बोर्डला फूल, प्रिंटरला फूल, आणि ह्याच्या कपाळाला कुंकू. जुनं पुसत नाही, त्यावरच लावते. नखानं तो थर खरवडला. खाली कंपनीचं नाव निघालं, उलटं. डोक्यावर उभं असल्यासारखं.

मग वर पाहिलं. मॉनिटरचा पाय, ज्यावर तो टेबलावर बसतो तो गोल पाय, छताच्या बल्लीला चार स्क्रूंनी ठोकलेला आहे. मॉनिटर पायानं लटकलेला आहे, डोकं खाली. मी दहा वर्षं त्याच्या हनुवटीला कुंकू लावत होते.

आणि मग आठवलं. तूच टांगला होतास. काउंटरवर दोन मॉनिटर मावेनात, भिंत ओली, खिळा धरेना. तू म्हणालास, वयनी, ह्याला वरूनच बसवतो. बल्लीला पाय ठोकलास, चित्र उलटं आलं, तर सेटिंगमध्ये जाऊन चित्र फिरवून सरळ केलंस, आणि म्हणालास, झालं. खरंच झालं. त्या दिवसापासून तो सरळच वाटायला लागला. टांगला तू, विसरलास तू, पूजा केली मी. आपण दोघंही कामाला पक्के आणि आपल्या दोघांनाही दहा वर्षांत एकदाही वाटलं नाही की हा मॉनिटर उलटा आहे.

मला समजलं ते असं, चुकत असेन तर सांग. चित्र तू फिरवलंस, पण पट्ट्या काही चित्रात नसतात, त्या काचेत असतात. मॉनिटर उलटा म्हणजे लाल पट्टी उजवीकडे गेली आणि निळी डावीकडे आली. तुझं ‘सुवाच्य’ बिचारं लाल डावीकडे आहे असं धरून चाललेलं. ते जिथं धार काढायला जाई तिथं भलताच रंग पेटे, शेजारच्या पट्ट्यांना तो सांभाळता येईना. मला दिसणारा रंग खरा होता. आणि तुझा हिशेबही खरा होता. दोघंही बरोबर, आणि तरी एवढं भांडलो.

म्हणजे मी त्या दिवशी लॅपटॉपकडे पाहून म्हटलं असतं, “इथं नाही दिसत,” तर तू काय केलं असतंस? तू दोन्ही पडदे शेजारी धरले असतेस. थेंब लावला असतास. पाच मिनिटांत तुझ्या ध्यानात आलं असतं आणि तू कपाळाला हात लावून हसला असतास, इतका की बाहेरचा पानवाला आत आला असता. आणि मग दहा वर्षं हनुवटीला कुंकू लावलं म्हणून मला जन्मभर चिडवलं असतंस. मला ते चिडवून घ्यायचं होतं रे.

काल दादाला बोलावलं. तो म्हणाला, “चांगलं चालून राहिलं ना, मग काऊन काढून राहिली?” मी म्हटलं, काढ तू. त्यानं स्क्रू काढले, मॉनिटर खाली घेतला, मी काउंटरच्या कोपऱ्यावरची फाइलींची चळत हलवून जागा केली आणि तो पायावर उभा केला. चित्र उलटं आलं. सेटिंग मी शोधलं, सरळ केलं. मग ‘सुवाच्य’ उघडलं. त्यात अक्षरं निवडायची एक जागा आहे, मी कधी गेलेच नव्हते तिथं. दोनच ओळी. ‘खुशालची अक्षरं’ आणि ‘वयनीची अक्षरं’. खूण वयनीच्या पुढे होती.

मी खूण वर नेली.

दादा शेजारी उभा होता. त्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तो म्हणाला, “अरे वा,” आणि मग पटकन बाहेर जाऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

आज सकाळी कुंभरे आजोबा आले. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं, आल्याबरोबर त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि बसले. मग म्हणाले, कागद काढायचा आहे. मी नाव टाकलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. ते सवयीनं नाक पुढे नेत होते, मध्येच थांबले. बाकावर टेकून बसले आणि तिथूनच वाचलं, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, गट नंबर, आणि खालच्या सूचनाही. मग म्हणाले, “बाई, मुंगळे कुठं गेले वो?”

मी म्हटलं, “खुशालनं काढले.”

“आजारी पडाच्या आधी?”

“हो. लई आधी. मलेच दिसले नाई.” त्यांनी मान डोलावली. त्यांना काय समजलं कोण जाणे. मी बटन दाबलं.

ते गेल्यावर मी एक काम केलं, ज्याबद्दल तू रागवशील. ‘सुवाच्य’ जिथं ठेवलं आहे तिथं तुझी एक फाइल आहे, ‘टिपण’ नावाची. मला वाटलं होतं, तिथं सापडेल की तुला कळलं होतं. काल रात्रभर मी हीच आशा धरून होते, की खुशालला माझं खोटं कळलं असणार, एवढा हुशार माणूस, कळूनही गप्प बसला, वयनीची लाज राखली आणि गुपचूप तिच्यासाठी वेगळी अक्षरं करून दिली. तसं असतं तर मला रडता आलं असतं. मी फाइल उघडली, तुझ्याच अक्षरांत, सरळ केलेल्या त्याच पडद्यावर.

तू बारीक बारीक ओळी लिहिल्या आहेस. ‘वयनीला रंग दिसतो. मला दिसत नाही. तिचा पडदा तपासायचा.’ त्याखाली, ‘वयनीला लॅपटॉपवरही दिसतो. म्हणजे पडद्याचा दोष नाही, माझाच. पडदा तपासणं रद्द.’ मग नुसतंच, ‘रंगाचं वाटप बदललं. नाही.’ पुन्हा, ‘बदललं. नाही.’ असे नाही, नाही, नाही, मी मोजले नाहीत. आणि मग ही ओळ. ‘दादा म्हणतो, तुला चिडवायला म्हणत असेल. वयनी घरात काहीही म्हणेल, पण कामात खोटं बोलत नाही. दुसरीकडे शोधायचं.’

शेवटची ओळ अशी आहे. ‘रंग काढून टाकला, धार गेली. वयनीला बरं दिसतं. राहू दे.’

शेजारचा झेरॉक्सवाला कागद मागायला आला, त्याला म्हटलं, नंतर ये. मला कळेना की ह्यावर रडायचं, की तुला शिव्या द्यायच्या, एवढा विश्वास कोण ठेवतं रे कोणावर, दादानं सांगितलं होतं ना तुला, तो मला चांगला ओळखतो. का नाही ऐकलंस त्याचं? पण हे विचारायला मला तोंड नाही, हेही कळतं. मी तुला टाचणी हातात देऊन शिकवलं की अक्षर मळकं ठेवायचं नाही, आणि तू माझ्याबद्दल एक इतकं स्वच्छ वाक्य लिहून ठेवलंस. ते खरं नाही, खुशाल.

तुझ्या फाइलीत कधी कोणी हात घातलेला तुला चालायचा नाही. आज मी घातला. तुझ्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून लिहिलं, ‘वयनी खोटं बोलली होती. लॅपटॉपवर रंग नव्हता. तुझी अक्षरं पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती.’ मग नियमाप्रमाणे पडदा बाकाकडे फिरवला, गिऱ्हाइकाच्या बाकावर जाऊन बसले आणि ते मोठ्यानं वाचलं. प्रत्येक काना पाहिला, डावी कड, उजवी कड. रंग कुठंच नव्हता. तेव्हा उठून बटन दाबलं.